बिनविरोध साखर

माझ्या लग्नातली जिलबी फार चांगली झाली होती, असं बदलापुरात अजूनही कोणी कोणी सांगतं. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत आणि त्यांना दातही थोडेच उरले आहेत, पण त्या जिलबीचं नाव निघालं की त्यांचे चेहरे खुलतात. मी मान डोलावते आणि विषय बदलते. त्या जिलबीतली साखर कुठून आली हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, कारण ती मी माझ्या हाताने वहीत लिहून बाहेर काढली होती.

पन्नास सालानंतरची ती एकदोन वर्षं. साखरेवर कंट्रोल होता. अंबरनाथला आम्ही कामगारांच्या चाळीत राहायचो. वडील कारखान्यात टर्नर होते आणि कम्युनिस्ट होते. टर्नरचं काम आठ तासांत संपायचं. दुसरं काम सकाळी दात घासताना सुरू व्हायचं आणि झोपेत बडबडत असले तरी चालू असायचं.

त्यांनी रशिया पाहिला नव्हता. कर्जतच्या पलीकडेसुद्धा ते फारसे गेले नव्हते. पण चाळीचा नळ बंद पडला, कारखान्यात भलत्याच माणसाला बढती मिळाली किंवा आईची भाकरी करपली, तरी ते म्हणायचे, "रशियात असं होत नाही." आई म्हणायची, "तिथल्या बायका भाकऱ्या भाजत नसतील." वडिलांना हा पाठिंबा वाटायचा आणि ते खूश व्हायचे.

कामगारांनी वर्गणी काढून एक सहकारी सोसायटी उभी केली होती. पत्र्याच्या शेडमध्ये तिचं रेशनचं दुकान होतं, आणि वडील सोसायटीचे चिटणीस होते. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, म्हणून सकाळी तीन तास दुकानात वही लिहायला बसायचे. पगार नव्हता. स्वतःच्या मुलीला पगार देणं म्हणजे घराणेशाही, असं वडिलांचं मत. मग फुकट राबवणं म्हणजे समाजवाद का, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

सोसायटीच्या यादीत बारवी नदीच्या बाजूच्या एका वाडीतली पंधरावीस घरंही होती. डोंगरातली माणसं. थोडं भात पिकवायची, जंगलातली पानं आणि लाकूड आणून विकायची, आणि उरलेले दिवस मिळेल ती मजुरी करायची. त्यांना रेशनकार्डं मिळावीत म्हणून वडिलांनी सरकारी कचेरीत वर्षभर खेटे घातले होते. तिथला कारकून म्हणायचा, या लोकांना रेशन कशाला, हे कंदमुळं खातात. शेवटी वडिलांनी त्याच्या टेबलावर मूठ आपटली आणि एक छदाम न देता सगळी कार्डं काढून आणली. संध्याकाळी घरी आले तेव्हा हात सुजला होता. हळदीचा लेप लावताना मला रडू आलं, इतका त्यांचा अभिमान वाटला. हे मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचताना माझे वडील लबाड होते असं कोणाला वाटायला नको. ते लबाड असते तर साखरेचा प्रश्न एका दुपारीत मिटला असता.

दर रविवारी वडील उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात जायचे. सोसायटीला लागणारी सुतळी आणि रिकामी पोती आणायची, हे निमित्त. खरं म्हणजे तिथल्या एका सिंधी दुकानदाराशी भांडायचं असायचं. यादी धरायला मी सोबत असायचे. सगळे त्या दुकानदारांना शेठ म्हणायचे, पण शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. फाळणीनंतर बायकामुलं आणि एक ट्रंक घेऊन ते कॅम्पात आले, लष्कराच्या जुन्या बराकीतल्या अर्ध्या खोलीत राहिले, दारोदार पापड विकले, मग साबण विकला, आणि आता त्यांचं किराण्याचं आणि रेशनचं दुकान होतं. वडील त्यांना तोंडावर भांडवलशहा म्हणायचे. ते वडिलांना "कामरेड साईं" म्हणून स्टूल पुढे सरकवायचे.

वडिलांचा सिद्धांत असा होता की भ्रष्टाचार हा खासगी मालमत्तेचा रोग आहे. ज्याच्याकडे आहे तो चारतो, ज्याच्याकडे नाही तो खातो. मालमत्ताच नाहीशी केली की चारायला कोणी नाही आणि खायला काही नाही. "जिथे सगळंच सगळ्यांचं आहे," ते स्टुलावर पुढे सरकून विचारायचे, "तिथे माणूस चोरणार कोणाचं?"

"वही तो मैं बोलता है, साईं," शेठ तराजूत डाळ टाकत म्हणायचे. "सब अपना है, तो उठाने में शरम कायकू?"

गिऱ्हाईकं हसायची. वडील लाल व्हायचे. मग शेठ आपला सिद्धांत मांडायचे, तोही दर रविवारी तोच. बराकीतली खोली मिळायला त्यांनी पैसे दिले होते, नळाला दिले होते, दुकानाच्या लायसनला दिले होते. त्याबद्दल त्यांना राग नव्हता. "इधर हर चीज का रेट है. अफसर बदलता है, रेट नहीं बदलता. मेरा जैसा अनपढ भी जाके पूछ सकता है, कितना?"

"आणि ज्याच्या खिशात नाही, त्याने काय करायचं?"

"वो मरता है," शेठ प्रामाणिकपणे म्हणायचे. "लेकिन आपके उधर जिसका पहचान नहीं, वो क्या करता है?"

"आमच्याकडे ओळख चालत नाही," वडील म्हणायचे. "आमच्याकडे सगळ्यांसमोर हात वर करून ठरतं."

हे खोटं नव्हतं. सोसायटीत तसा नियमच होता आणि तो वडिलांनीच करून घेतला होता. कोणाला काही जादा हवं असेल तर चिठ्ठी नाही, कानात सांगणं नाही. अर्ज कमिटीपुढे मोठ्याने वाचायचा आणि सातही जणांनी हात वर करून निर्णय द्यायचा. ज्याचा अर्ज असेल त्याने बाहेर उभं राहायचं. या नियमाबद्दल वडील इतकं बोलायचे की चाळीतली लहान पोरं भोवरा कोणी आधी फिरवायचा हेसुद्धा हात वर करून ठरवायला लागली होती.

रेशनचा इन्स्पेक्टर दोन्ही दुकानांत यायचा. शेठच्या दुकानात तो चहा प्यायचा, बशीखालचं पाकीट उचलायचा आणि जायचा. सगळं पाच मिनिटांत आटोपायचं. आमच्याकडे पाकीट देणं तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे तो दोन तास बसायचा आणि दर खेपेला वहीत पाच चुका काढायचा. अखेर कमिटीने ठराव केला की तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांचा यथोचित सत्कार करावा. मग हार, नारळ आणि पाच शेर चांगला तांदूळ सुरू झाला. चुका निघेनाशा झाल्या. शेठच्या पाकिटाचा जगात कुठेही पुरावा नव्हता. आमच्या तांदळाची नोंद मात्र सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांनिशी वहीत होती, आणि ती वही वडील कोणालाही दाखवायला तयार असत.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगा वडिलांच्याच कारखान्यात फिटर होता. घर बदलापूरचं, कात्रपला भातशेती. मी त्याला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा त्याने माझ्या हातातली रॉकेलची बाटली न विचारता उचलून घरापर्यंत आणून दिली होती आणि वाटेत एक शब्द बोलला नव्हता. मला तो आवडला होता. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, पण आईला कळलं होतं.

त्या घराने हुंडा नको म्हटलं, मानपान नको म्हटलं. वडील तर तरंगायलाच लागले. शेतकरी आणि कामगार अशी दोन घरं एकत्र येत आहेत, असं ते नळावरसुद्धा सांगायला लागले. मग बदलापूरहून मुलाचे काका आले. अंगणात बसले, पाणी प्यायले, पायांकडे बघत म्हणाले, "बाकी काय नाय. आमच्या म्हाताऱ्याची एक इच्छा हाय."

म्हातारा म्हणजे मुलाचे आजोबा. त्यांनी जन्मभर लग्नांतून गुळाचं खाल्लं होतं. नातवाच्या लग्नात वऱ्हाडाच्या पानात पांढऱ्या साखरेची जिलबी पडावी, एवढंच त्यांना हवं होतं. आत्ता जमत नसेल तर घाई नाही, काका म्हणाले, कंट्रोल उठला की पुढच्या वर्षी लग्न करू. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं की आम्हाला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. म्हाताऱ्याचं वय झालेलं. मधेच काही झालं तर सुतकात आणखी वर्ष जाणार, आणि तोवर त्या घरात फिटर मुलासाठी दुसऱ्या दहा मुली सांगून येणार.

हुंडा मागितला असता तर वडील भांडले असते. म्हाताऱ्याच्या जिलबीशी कसं भांडायचं हे त्यांच्या लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लग्नासाठी सरकारी परमिटावर जादा साखर मिळायची, पण तेवढ्यात पाहुण्यांचा चहा कसाबसा निघाला असता. आई म्हणाली, "शेठकडून आणा." वडील म्हणाले, "काळाबाजार? माझ्या घरात?" आई म्हणाली, "मग पोरगीही घरातच राहू दे." मी पाठमोरी होऊन तांदूळ निवडत होते आणि खडे समजून तांदूळच टाकत होते.

शेठना कसं कळलं ते माहीत नाही. पुढच्या रविवारी वडील स्टुलावर बसायच्या आतच ते म्हणाले, "साईं, शक्कर की फिकर मत करो. बोरी मैं भेजता है."

"ब्लॅकची?"

"नहीं नहीं. मेरे घर का राशन है, भाई का है, बराक में चार घर का है. सब ने थोडा थोडा निकाला. बेटी की शादी है." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचबरोबर डोळ्यांपुढे जिलबी दिसत होती. खोटं कशाला सांगू.

वडील ताठ उभे राहिले. भांडवल असंच पाय पसरतं, ते म्हणाले. आज साखर, उद्या सोसायटीचं सुतळीचं कंत्राट. "बोला शेठ, याचा रेट काय?"

शेठच्या हातातला चमचा थांबला. दुकानात गिऱ्हाईकं होती, सगळी ऐकत होती. "इसका रेट नहीं है, साईं," ते म्हणाले आणि डाळीच्या डब्याकडे वळले. त्या दिवशी त्यांनी वडिलांना चहा विचारला नाही. परतीच्या वाटेवर वडील तत्त्वाबद्दल बोलत होते आणि मी त्यांच्या चार पावलं मागे चालत होते. मला त्यांचा राग आला होता.

मार्ग सोसायटीच्या खजिनदारांनी काढला. कारखान्यात मोल्डर असलेले, पोट सुटलेले, कोणाच्याही अडचणीला धावून जाणारे गृहस्थ. त्यांच्या लक्षात आलं होतं की वाडीतली माणसं साखर उचलतच नाहीत. तांदूळ घेतात, रॉकेल घेतात, साखरेचं नाव काढत नाहीत. गुळावर भागतं त्यांचं. त्यांच्या वाट्याची साखर दर महिन्याला परत जाते, आणि परत जाते म्हणजे कुठे जाते? कोणा भांडवलदाराच्या घशात. ती कामगाराच्या मुलीच्या लग्नाला आली तर बिघडलं कुठे?

वडील रात्रभर तळमळले असं मी सांगितलं तर ते बरं दिसेल, पण ते छान झोपले. त्यांना हे पटलं होतं. एकाच गोष्टीवर ते अडून बसले. नियमाप्रमाणे व्हायला हवं. अर्ज हवा, वाचन हवं, हात वर व्हायला हवेत.

सभा रविवारी दुपारी शेडमध्ये झाली. वडिलांनी अर्ज लिहिला, माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. चिटणीस बाहेर, म्हणून सभेचा वृत्तान्त लिहायला मी. जिच्या लग्नाची साखर, तीच ठराव लिहिणार, यात कोणालाही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. मी अर्ज वाचला. बाहेर वडील खोकत होते. पत्र्याच्या भिंतीला लागून उभे राहून निःपक्षपातीपणे, ठराविक अंतराने खोकत होते.

हात वर झाले. एकाने जरा उशीर केला. तो म्हणाला, "वाडीवाल्यांना एकदा विचारायला नको का?" खजिनदारांनी त्याला आठवण करून दिली की वैशाखात त्याच्या बहिणीचं लग्न आहे आणि तेव्हाही पानात काहीतरी पडावं लागेल. त्याचा हात वर गेला. मी लिहिलं, बिनविरोध मंजूर.

वडील आत आले. ठराव वाचून त्यांनी भाषा सुधारली. मी लिहिलं होतं, "वाडीतील लोकांची साखर लग्नासाठी घ्यावी." त्यांनी ते खोडून लिहिलं, "वाडीवरील सभासद साखरेपेक्षा गूळ पसंत करतात असे आढळून आल्यावरून, न उचललेली साखर समाजोपयोगी कार्याकडे वळवण्यात यावी." वाचल्यावर मलासुद्धा वाटलं की आपण काहीतरी चांगलं करतो आहोत. कचेरीतल्या कारकुनानेही असंच म्हटलं होतं, हे लोक कंदमुळं खातात म्हणून. पण त्या वेळी मला तो आठवला नाही.

एक बारीक अडचण उरली. साखर उचललेली नाही असं वहीत दिसलं असतं तर ती सरकारजमा झाली असती. म्हणजे वाडीने ती उचलली असं दिसायला हवं होतं, आणि वाडीतलं कोणी सही करत नव्हतं. अंगठे होते. खोटे अंगठे उठवायला वडील मरेपर्यंत तयार झाले नसते. म्हणून खरे अंगठे घ्यायचं ठरलं. बाजारच्या दिवशी वाडीतल्या बाया रेशनला यायच्या. तांदळाच्या ओळीत अंगठा, रॉकेलच्या ओळीत अंगठा, आणि त्याच शाईत साखरेच्या ओळीत एक. अंगठे मी घ्यायचे.

घेतले. चार बायांचे घेतल्यावर हाताला सवय झाली. मनगट धरायचं, बोट पॅडवर दाबायचं, वहीवर टेकवायचं. त्यांची बोटं इतकी खरखरीत होती की ठसा नीट उमटायचा नाही, दाबून धरावं लागायचं.

पाचवी बाई ओळखीची होती. चाळीत पत्रावळीची पानं विकायला यायची ती. मी तिला मावशी म्हणायचे. माझ्या लग्नाच्या पत्रावळींची पानंही आईने तिलाच सांगितली होती. तिने कार्ड पुढे केलं आणि आजवर कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. "ताय, या टायमाला साकर पन दे. पोरीला बगाया पावनं येनार हायेत. वांगनीचे. रेल्वेत हाय पोरगा. च्या द्याचा हाय."

साखरेचं पोतं माझ्या पायाशी होतं. फळीखाली, गोणपाटाने झाकलेलं. माझ्या टाचेला ते लागत होतं. त्यातून वाटीभर साखर काढली असती तर म्हाताऱ्याची जिलबी अडली नसती. पण एकीला दिली तर बाकीच्या विचारतील. ठरावात अपवाद लिहिलेला नव्हता, आणि खजिनदार दारात उभे होते. आणि मला लग्न हवं होतं. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. तेव्हा मी फक्त म्हणाले, "साखर संपली, मावशी. पुढच्या आठवड्यात बघ."

"बरं," ती म्हणाली. मी तिचं मनगट धरलं. तांदूळ, रॉकेल, साखर. ती बोटाकडे बघत होती. मग पदराला शाई पुसून गेली.

लग्न झालं. जिलबी खरोखरच चांगली झाली. म्हाताऱ्याने पाच खाल्ल्या आणि पुढे दोन वर्षं छान जगला. शेठ सहकुटुंब आले होते. वडिलांनी केलेला अपमान त्यांनी मनात ठेवला नव्हता, किंवा ठेवून आले होते. जिलबी खाऊन त्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "शक्कर कहाँ से लाया, साईं?"

"ठरावाने," वडील अभिमानाने म्हणाले. "बिनविरोध."

"वो ठीक है. था किसका?"

"कोणाचीच नव्हती. न उचललेली होती."

शेठनी चाटलेली बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "अच्छा सिस्टम है. मैं ब्लॅक करता है, तो मेरे को मालूम रहता है किसका लिया. आपको वो भी तकलीफ नहीं." वडिलांना तो विनोद वाटला आणि त्यांनी शेठच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या. मी मुंडावळ्यांआडून ऐकत होते. माझ्या पानातल्या जिलबीला मी त्यानंतर हात लावला नाही. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून.

महिनाभराने मी माहेरी आले होते तेव्हा दुकानात नवा इन्स्पेक्टर आला. वही माझ्या अक्षरात, म्हणून वडिलांनी मला फळीमागे बसवलं. हार आणला होता, तो त्याने बाजूला ठेवायला सांगितला. नारळही. खजिनदारांनी तांदळाची पिशवी हळूच पायाने मागे सरकवली. हा माणूस पाकीट घेत नव्हता आणि सत्कारही घेत नव्हता. अशा माणसाशी कसं वागायचं हे कमिटीला माहीतच नव्हतं. ते सातही जण लग्नातल्या परक्या पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून उभे राहिले.

त्याने पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. "ही वाडी वर्षभर साखर उचलत नाही. आणि एका आठवड्यात सगळी घरं उचलतात?"

बाजारचा दिवस होता, दारात रांग होती. त्याने रांगेकडे बघून विचारलं, "वाडीचं कोण आहे?" आणि ती पानवाली मावशी पुढे आली.

मी वडिलांकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. मला वाटतं, साखर कोणाची तरी होती हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. लायसन जाणार होतं. कदाचित तेही तुरुंगात जाणार होते, आणि संपात एकदा गेले होते तसे कामगारांसाठी नाही, तर साखरेसाठी. मी पण. अंगठे मीच घेतले होते.

"त्या महिन्यात साखर मिळाली तुला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. "मिलाली, सायेब."

"किती?"

"वहीत हाय तवडी."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग वही मिटली, सही केली आणि गेला. कमिटीने श्वास सोडला. खजिनदार म्हणाले, "बघा, आपली जनता आपल्याबरोबर आहे." आणि हार कोणाला तरी घालायलाच हवा म्हणून तो त्यांनी वडिलांच्या गळ्यात घातला. वडिलांनी तो काढला नाही. त्यांचे हात उचलत नव्हते.

मावशी फळीपाशी आली. कार्ड पुढे केलं. मी हळू आवाजात विचारलं, "मावशी, तू खोटं का बोललीस?"

"तूच लिवलं हाय ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन जिनसा दिल्यास न तीन डाव आंगठा लावलास. मना लिवता येत नाय. मोजता येतं."

वडील माझ्या मागेच उभे होते. ऐकत होते.

"तुजं लगीन व्हतं," ती म्हणाली. "मागायची व्हतीस, ताय. वाटीभर मी ठेवली असती, बाकीची दिली असती. समद्या वाडीनं दिली असती."

शेठनी बराकीतल्या चार घरांत मागितली होती. आमच्यात सात जणांची कमिटी होती, नियम होते, वह्या होत्या, आणि मागायचं कोणालाच सुचलं नव्हतं. एकाला सुचलं होतं, त्याचा हात आम्ही वर करून घेतला होता. मला इतकी लाज वाटली की कान तापले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पाहुणे आले होते का? पोरीला बघायला?"

"आलते. गुलाचा च्या पिऊन गेले. परत नाय आले."

तिने रॉकेलची बाटली फळीवर ठेवली. मी तांदूळ मापला, रॉकेल ओतलं, अंगठा घेतला. दोन वेळा. ती उभी होती, मीही उभी होते, आणि रांगेतल्या बाया पुढे सरकत होत्या. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुढचं कार्ड."